ढोलताशाला भिणाऱ्या कुत्र्याबाबत

ढोल वाजताच तुमचे कारवानी जातीचे पिल्लू पलंगाखाली शिरत असेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. तो त्याने स्वतः निवडलेला आसरा आहे. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते आणि ‘सवय होईल’ म्हणून कुत्र्याला त्या गर्दीत नेणारे शहाणे दरवर्षी दिसतात. अशाने भीती केवळ पक्की होते.

त्याऐवजी, सण लांब असतानाच, मोबाइलवर ढोलाचा आवाज इतका हळू लावा की त्याचे फक्त कान टवकारतील, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. आवाज थांबला की खाऊही थांबवा. क्रम उलटला तर खाऊ पाहूनच ते धास्तावू लागते. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, आवडता तुकडाही नाकारणे या खुणा दिसताच आवाज आणखी कमी करा. गुरगुरल्यास दटावू नका, कारण दडपलेले कुत्रे पूर्वसूचना न देता चावते. जवळ आल्यास खुशाल थोपटा. त्याने भीती वाढत नाही.

तरीही ते थरथरत राहिले, तर मिरवणुकीच्या बऱ्याच आधी पशुवैद्यांना दाखवा आणि माणसांची गोळी अंदाजाने मुळीच देऊ नका.