ओळखीतल्या माणसाकडून जुनी कार घेताना मेकॅनिक नेऊन तपासावी का? स्वतःला काय काय बघता येतं?

न्या. नक्की न्या. तुम्ही लिहिलंय की गाडी साडूंच्या मित्राची आहे, चार लाखांच्या आत मिळतेय आणि "एवढ्या ओळखीत मिस्त्री घेऊन जाणं बरं दिसत नाही" असं घरचे म्हणतायत. ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझ्या घरात जानेवारी २०२० मध्ये हेच वाक्य बोललं गेलं होतं, आणि त्याची किंमत आम्ही अजून विसरलेलो नाही.

मी गॅरेजवाल्याची मुलगी आहे. सांगलीत अण्णांचं गॅरेज पस्तीस वर्षांचं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि पान्हे मोजून लावायचे, असं आमचं लहानपण. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सगळीकडे पाणी. पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस बुडून होत्या. आमच्या गल्लीपर्यंत पाणी आलं नाही, त्यामुळे ओसरल्यावर अण्णांच्या दारात गाड्यांची रांग लागली. पोरं कमी पडायला लागली म्हणून मी पुण्याहून माहेरी जाऊन तीन आठवडे राहिले. बोल्ट काढून सीटा बाहेर घ्यायच्या, कार्पेट उचलायचं, त्याच्या खालचा फोम पिळायचा. पंधरा दिवस उन्हात ठेवलेल्या गाडीच्या फोममधूनसुद्धा चहाच्या रंगाचं पाणी निघायचं. अण्णा सारखे म्हणायचे, "पाण्याचं काही नाही गं, ते जातं. गाळ बसतो तो बघ." तो वास आणि तो गाळ मी डोळे मिटून ओळखू शकते.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आम्ही पुण्यात गाडी बघत होतो. मोठे दीर, भाऊजी, म्हणाले, माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या मेव्हण्याची आहे, घरचीच समजा. २०१६ ची डिझेल हॅचबॅक, पासिंग एमएच १२, मीटरवर ४१ हजार किलोमीटर, मागतायत ३ लाख ९० हजार. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत आम्ही सगळे बघायला गेलो. गाडी चकचकीत. आत बसले तर डॅशबोर्डवर सुगंधाच्या दोन डब्या, सीटखाली तिसरी. तिथेच माझं मन साशंक झालं.

मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून बेल्ट ओढला. आपण लावण्यापुरता ओढतो तेवढा नाही, रीळ संपेपर्यंत. वापरातला भाग काळाभोर, स्वच्छ. एरवी रिळावर गुंडाळलेला असतो तो भाग करडा, विणीत काहीतरी भरल्यासारखा, आणि एका जागी आडवी पिवळट रेष. पट्ट्याची कड दोन बोटांत धरून घासली तर बोटांवर पिठासारखी बारीक भुकटी आली. सोडला तर बेल्ट सरकन आत जाईना, अडकत अडकत गेला. मग सीट मागे सारून खालच्या पट्ट्या बघितल्या. चार वर्षांच्या गाडीच्या सीटखाली पट्ट्यांवर खवले धरणारा गंज का असावा? वरच्या कुठल्याही पत्र्याला टिपका नाही, आणि गंज फक्त खाली.

मी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, ही गाडी पाण्यात राहिलेली आहे. ते म्हणाले, "अगं, बेल्ट काय, धुऊन मिळेल." मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, एक दिवस थांबा, मी पहाटेची गाडी पकडून येतो. त्यावर भाऊजींचं उत्तर मला शब्द न शब्द पाठ आहे. "सांगलीहून मिस्त्री आणून गाडी उघडायची म्हणजे आपण त्यांना चोर म्हटल्यासारखं होईल." तोपर्यंत त्यांच्याकडून चहा आला होता. नवरा गप्प. पासिंग पुण्याचं आहे, पुण्यात कुठे पूर आला, असंही कोणीतरी म्हणालं. त्याच संध्याकाळी ५० हजार टोकन दिलं.

पहिला पाऊस पडेपर्यंत गाडी छान चालली. जूनमध्ये हवा दमट झाली तशी डाव्या बाजूची काच मधेच बंद पडायला लागली. मग सेंट्रल लॉक आपोआप लागायचं. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. प्रत्येक वेळी वायरमन एक सॉकेट पुसून द्यायचा, आठ दिवस बरे जायचे. नोव्हेंबरात दिवाळीला सांगलीला निघालो. खंबाटकी घाट चढताना, अंधार पडल्यावर, हेडलाइट गेले आणि पाठोपाठ इंजिन. गाडीत सासूबाई, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. मागून लोड भरलेले ट्रक येत होते. पार्किंगचे दिवेसुद्धा लागत नव्हते. नवरा मोबाइलचा टॉर्च हलवत मागे पन्नास पावलांवर उभा राहिला. मी मुलीला घेऊन कठड्यापलीकडे उभी होते. ती अर्ध्या-पाऊण तासाची भीती मी भाऊजींना कधीच समजावून सांगू शकले नाही.

अण्णांनी गाडी ओढून नेली आणि डॅशबोर्ड खोलला. पितळी भांड्याला कळंक चढतो तशा सॉकेटच्या पिना हिरव्या पडलेल्या. कंट्रोल मॉड्यूलच्या डबीत वाळलेला गाळ, पातळ पापुद्र्यासारखा. अण्णांनी मजुरी घेतली नाही, तरी नुसत्या सामानाचे ६२ हजार लागले.

नंतर कळलं की गाडी विकणारा तो गृहस्थ नोकरीनिमित्त दोन वर्षं सांगलीतच होता आणि गाडी शामरावनगरात पार्किंगमध्ये बुडाली होती. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे क्लेमच नाही, म्हणून विम्याच्या कागदात पुराची खूणही नाही. मला राग त्याच्यापेक्षा आमचा आला. त्याने खोटं सांगितलंच नव्हतं. गाडी कधी पाण्यात गेली होती का, असं त्याला कोणी विचारलंच नाही. परका असता तर पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं. ओळख असली की विचारायची लाज वाटते, हा ओळखीचा सगळ्यात मोठा तोटा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आरसी, विमा, पीयूसी, चलनं हे तुम्ही बघालच. मी अण्णांकडून शिकलेलं सांगते. आदल्या दिवशी फोन करून सांगा की सकाळी येतोय, इंजिन आधी सुरू करू नका. पोचल्यावर बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, दोन-तीन तास थांबा आणि मगच स्टार्ट करून बघा, कारण खरा धूर थंड इंजिनच दाखवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय का ते मिस्त्रीला बघू दे. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून वाफेचे जोरदार हबके येतायत का तेही त्यालाच बघू दे. अॅक्सिडेंटसाठी दरवाजांचे रबर बीडिंग हाताने ओढून आतले स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गल्लीतले नसतात. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत. सगळ्या काचांवरचं साल एकच आहे का बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. ३० हजार चाललेल्या गाडीला तिसऱ्यांदा बदललेले टायर असतील तर मीटर फिरवलाय.

आणि बेल्ट. चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती गाडीपेक्षा दोन-तीन वर्षं नवी असेल तर बेल्ट का बदलला हे विचारा. स्टेपनी बाहेर काढून तिच्या खळग्यात बोट फिरवा, गाळ लागतो का बघा. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून पिना हिरव्या पडल्यात का बघा. पासिंगवर जाऊ नका. गाडी २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात कुठे उभी होती हे तोंडाने विचारा, कारण २०२१ च्या जुलैत चिपळूणलाही हेच झालं. कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल आणि दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर जात असेल तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. अशा गाड्यासुद्धा लिलावातून सुटून, रंगरंगोटी होऊन दुसऱ्या शहरात विकल्या जातात.

एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. एमएच ०९, एमएच १० ची, म्हणजे कोल्हापूर-सांगलीची, प्रत्येक गाडी बुडालेली नसते. आमच्या भागात उत्तम ठेवलेल्या गाड्या आहेत, पुण्याचे एजंट त्यांचे भाव उगाच पाडतात. पाणी फक्त पायापर्यंत आलं असेल, लगेच कार्पेट काढून सुकवलं असेल, तर अशी गाडी सांगून-सवरून कमी किमतीत घ्यायला हरकत नाही. कुबट वास एसीचा ड्रेन तुंबल्यानेही येतो. बेल्ट घामाने, धुळीनेही मळतो, पण रिळातल्या शेवटच्या वेटोळ्यापर्यंत नाही. आणि माझ्या या सगळ्या खुणा दिसल्या नाहीत तरी मिस्त्री लागतोच, लिफ्टवर घेतल्याशिवाय खालचं काही कळत नाही.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुंजीत भाऊजी चारचौघांत म्हणाले, "जुनी गाडी म्हटली की एवढं चालायचंच." नाही चालायचं. जुन्या गाडीला क्लच प्लेट, बुश, बॅटरी एवढं चालतं. घाटात दिवे जाणं चालत नाही. मिस्त्रीला नेल्याने अपमान होत नसतो. अण्णांकडे आजही लोक गाडी दाखवायला आणतात तेव्हा निम्म्या वेळा विकणारा स्वतः बरोबर असतो, दोघं एकाच बाकावर बसून चहा पितात. तुमच्या साडूंना आधीच फोन करून सांगा की रविवारी मी मिस्त्रीला घेऊन येतोय. आणि घरातल्या कोणाला काही खटकलं, ते बायकोला असो की आईला, तर टोकन सोमवारपर्यंत खिशात राहू द्या.