एक्स्ट्रा बॉलवर पहिल्यांदाच लिहिताय?

पोलंडमधल्या क्राकोवच्या एक्स्ट्रा बॉल या जाझ-रॉक बँडपासून सुरुवात केलीत, झकास! त्यांचा १९७६चा ‘बर्थडे’ हा अल्बम आधी दोन-तीनदा ऐका, मगच लिहायला बसा.

नवखे हमखास ‘महाविष्णूची (म्हणजे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या गाजलेल्या जाझ-रॉक बँडची) पोलिश आवृत्ती’ म्हणून मोकळे होतात. ते टाळा. नुसतं ‘अप्रतिम’ही नको, नेमकं काय आवडलं ते सांगा.

- यारोस्लाव श्मिएतानाची गिटार कान ओढून घेतेच. म्हणून एक फेरी फक्त सेंडेत्स्कीच्या कीबोर्डसाठी ठेवा, मग ओलेइनिचाकच्या सॅक्सोफोनसाठी. गिटार कुठे गप्प बसते, तेही टिपा.
- खटकलेलंही बिनधास्त लिहा.

तालाची गणितं सध्या राहू द्या. माझ्या पहिल्या लेखात मी मात्रा मोजत बसलो आणि सॅक्सोफोनचा उल्लेखच राहून गेला!