टर्बो डिझेल गाडी चढावर ओढत नाही, बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक चालते. काय तपासू?

बंद-चालू केल्यावर ताकद परत येते, म्हणजे बहुधा गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करणाऱ्या अवस्थेत, जातेय. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त झाला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजिनला आवरतो. आधी स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचून घ्या. थेट टर्बोच बदला म्हणणाऱ्याचं एवढ्यात ऐकू नका.

मग बॉनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि तिथून इनटेकपर्यंतचे (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंतचे) होज चाचपा. चीर असेल तिथे तेलकट डाग दिसतो, रेस केल्यावर फुस्स आवाज येतो, मागून काळा धूर निघतो. ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी विसरू नका. ती कडक होऊन तडकते आणि कुणाचं तिकडे लक्षच जात नाही.

होज ठीक असतील तर स्कॅनरवर मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बघा. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना तो बाहेरच्या हवेइतका दाब दाखवतो, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल. पूर्ण जोर दिल्यावर बऱ्याच गाड्यांत हा आकडा २०० पार करतो. तो मर्यादेबाहेर उसळून कोड येत असेल, तर टर्बोच्या हलत्या पात्यांत काजळी अडकल्याचा संशय घ्या. दाब बरोबर, तरी गाडी मरगळलेली? मग डिझेल फिल्टर, ईजीआर (धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तपासा.