जगबुडी, कयामत की न्यायाचा दिवस?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या ख्रिस्ती आजी गेल्या, त्यांच्यावर ताई मराठीत चार ओळी लिहीत आहेत. अंत्यविधीची प्रार्थना हिंदीत झाली, त्यात 'न्याय का दिन' आलं होतं. ताईंनी लिहिलं, 'आजींचा कयामतीवर विश्वास होता.' यजमान म्हणाले, कयामत मुसलमानी शब्द आहे, प्रलय लिही. सासूबाई म्हणाल्या, सरळ जगबुडी लिही की! बरोबर काय?

जगबुडी आणि प्रलय आधी बाजूला ठेवू. जगबुडी हा अस्सल मराठी शब्द, पण त्यात जग पाण्यात बुडतं. प्रलयाची अडचण याहून मोठी. मराठी बायबलात नोहाच्या काळच्या पुराला 'जलप्रलय' म्हटलं आहे, आणि पृथ्वीचा नाश करणारा तसा जलप्रलय पुन्हा येणार नाही, असं देवाचं वचन उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे. म्हणजे ख्रिस्ती वाचकाच्या मनात प्रलय हा होऊन गेलेला प्रसंग. शिवाय प्रलयात 'ली' धातू आहे, लीन होण्यातला. पुराणांत कल्पांती सृष्टी लीन होते आणि पुन्हा निर्माण होते. ख्रिस्ती श्रद्धेत हे फेरे नाहीत. ख्रिस्त पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, मग नवं आकाश आणि नवी पृथ्वी. हे सगळं एकदाच. आणि त्या दिवशी माणूस कशात विरून जात नाही, आपल्या नावानिशी देवापुढे उभा राहतो.

उभं राहण्याचीच गोष्ट कयामतीत आहे. अरबीत या शब्दाचं मूळ उभं राहणं, उठणं असं आहे. म्हणून तो ख्रिस्त्यांना परका मानायचं कारण नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू मार्थेला जे सांगतो, ते मराठीत 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' असं आहे, तर उर्दू बायबलात 'क़यामत और ज़िंदगी तो मैं हूँ' असं. किती आशेचं वाक्य आहे हे! पण आपल्याकडे इंदुरात राजवाडा चौकातल्या गर्दीतसुद्धा लोक 'कयामत आली' म्हणतात ते हाहाकार या अर्थाने. ताईंच्या ओळी वाचणाऱ्याला तोच अर्थ लागेल, आजींच्या श्रद्धेतली आशा त्यातून निसटेल. म्हणून मराठीत लिहिताना मी तो टाळीन.

मराठी बायबलातले शब्द 'न्यायाचा दिवस' आणि 'शेवटला दिवस' हे आहेत. पंथानुसार 'अंतिम न्याय'ही म्हणतात, आणि कॅथलिक शिकवणीत त्या 'अंतिम'ला खास अर्थ आहे: मरणानंतर लगेच प्रत्येकाचा वेगळा न्याय होतो, जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून.

मला स्वतःला इथे 'निवाडा' फार आवडतो. निवाडा आणि निवडणं एकाच घरातले. तांदळातले खडे आपण निवडतो तेच हे निवडणं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात नेमकं हेच चित्र आहे. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा राजा माणसं वेगळी करतो: मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. भुकेल्याला खायला दिलंस का, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र? आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलास का? यावर सगळं ठरतं. मूळ ग्रीकमध्ये न्यायासाठी 'क्रिसिस' हा शब्द येतो, त्याच्याही मुळाशी वेगळं करणंच आहे. मराठीला हा अर्थ आयताच मिळाला आहे, तो वापरावा.

ताईंना एक आणखी सांगतो. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचा उल्लेख करणार असाल तर हिंदीतलं 'प्रकाशितवाक्य' तसंच उचलू नका. मराठीत ते 'प्रकटीकरण'. झाकलेलं उघड करणं हा मूळ ग्रीक नावाचा अर्थ, आणि मराठी नावात तो चोख उतरला आहे.

वाक्य असं करता येईल: 'न्यायाच्या दिवशी मेलेले उठतील आणि ख्रिस्त सर्वांचा निवाडा करील, अशी आजींची श्रद्धा होती.'