तयार कॉन्फिग घ्यावी की आपली लिहावी?

प्रश्न: ताई, मी फर्मागुढीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. निओव्हिम हा कोड लिहायचा एडिटर वापरायचं ठरवलं आणि त्यावर लेझीव्हिम ही तयार कॉन्फिग, म्हणजे दुसऱ्याने लावून ठेवलेल्या सेटिंग्ज, टाकली. दिसतं छान, चालतंही. पण परवा प्रकल्पातली मैत्रिणीने लिहिलेली सी भाषेतली फाइल उघडली, एकच ओळ बदलून सेव्ह केली, तर गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) शेकडो ओळी बदललेल्या दाखवायला लागलं. वर्गातला एक मुलगा म्हणतो, तयार कॉन्फिग वापरणाऱ्याला एडिटर येतच नाही, स्वतःची लिही. प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा आहे. काय करू?
— एक वाचक, वाळपई

उत्तर: आधी मैत्रिणीची फाइल वाचवू. गिटमधून ती पूर्वीसारखी करून घे. झालं असं, की लेझीव्हिम सेव्ह करतानाच फाइल फॉरमॅट करतं, म्हणजे कोडची मांडणी आपल्या नियमाने बदलतं. तू सी भाषेची जोडणी चालू केली असशील, तर फॉरमॅटचं काम क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर (कोड समजून एडिटरला मदत करणारा प्रोग्राम) करतो. प्रकल्पात वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर तो एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाची पद्धत धरतो, म्हणजे दोन स्पेसचं इंडेंट (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा). मैत्रीण चार स्पेस देत असणार. म्हणून तुझी ओळ एक आणि त्याची शेकडो.

तात्पुरतं थांबवायचं तर स्पेस, यू, एफ अशा कळा लागोपाठ दाब, ऑटोफॉरमॅट बंद होईल. कायमचं बंद करायचं तर ऑप्शन्सच्या फाइलमध्ये ऑटोफॉरमॅट फॉल्स करून ठेव. पण मला विचारशील तर दोन्ही नको. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये 'डॉट क्लँग-फॉरमॅट' नावाची फाइल टाका आणि तिच्यात इंडेंट चार असं लिहा. मग तू निओव्हिममध्ये काम कर, मैत्रीण व्हीएस कोडसारख्या दुसऱ्या एडिटरमध्ये करू दे, क्लँगडी किंवा क्लँग-फॉरमॅट चालवलं की कोड सारखाच येईल. ती फाइल आल्यावर सगळा कोड एकदाच फॉरमॅट करून त्याचा वेगळा कमिट (गिटमधली नोंद) करा, त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नका.

आता वर्गातल्या मुलाचं म्हणणं. ते मला अजिबात पटत नाही. फोंड्याला आमच्या ऑफिसात नवी मुलं येतात, त्यांना मी कॉन्फिग कुणाची हे विचारत नाही. एखाद्या कळीवर बोट ठेवते आणि विचारते, ही दाबल्यावर जे होतं ते कुठल्या फाइलमध्ये लिहिलंय ते काढून दाखव. ज्यांनी इकडून तिकडून ओळी चिकटवून 'स्वतःची' कॉन्फिग केलेली असते, त्यांतले कितीतरी इथेच अडतात. तयार कॉन्फिगवाली एखादी मुलगी ते झटकन काढून दाखवते. फरक पडतो तो इथे.

तूही हे आजच करून बघ. स्पेस दाबून थांबलीस की पुढच्या कळांची यादी खाली उघडते, ती तुला माहीत असेलच. त्यातली रोजच्या वापरातली एक कळ निवड. निओव्हिम बंद करून टर्मिनलमधून 'व्ही-वन' हा पर्याय देऊन पुन्हा उघड (उणे चिन्ह, मोठा व्ही, एक). मग कमांडच्या ओळीत 'व्हर्बोस एनमॅप' लिहून पुढे ती कळ दे. शेवटी 'लास्ट सेट फ्रॉम' असं येईल आणि त्याच्यापुढे फाइलचं नाव नि ओळ. व्ही-वन दिलं नाहीस तर लुआ भाषेतून बसवलेल्या कळांसाठी नुसतं 'लुआ' एवढंच कळतं आणि तपास तिथेच संपतो. ती फाइल उघड आणि आजूबाजूच्या ओळी वाच. कधी ती लेझीव्हिमची असेल, कधी त्याने आणलेल्या एखाद्या प्लगिनची (एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची). असं रोज थोडं केलंस तर महिन्याभरात ही कॉन्फिग तुला परकी राहणार नाही.

तर मार्चपर्यंत लेझीव्हिमच ठेव. प्रकल्प अंगावर असताना एडिटर नव्याने मांडायला बसू नकोस.

पण बाय, मार्चनंतरही आयत्यावरच राहा असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. निओव्हिमचं काम 2014 मध्ये सुरू झालं. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि असे सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायचे नियम, मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये जाहीर केला, पण निओव्हिमच्या आतच त्याची सोय झाली ती 2021 च्या 0.5 आवृत्तीत. त्यानंतरही सर्व्हर जोडणं, शब्द सुचवणं यासाठी बरीच प्लगिनं एकमेकांत अडकवावी लागत. त्या कटकटीतून सुटायला लोक तयार कॉन्फिगकडे वळले, आणि त्यांचं बरोबरच होतं. 2025 च्या मार्चमध्ये 0.11 आलं. त्यात सर्व्हर कसा चालवायचा हे सांगणं आणि तो चालू करणं चार-दोन ओळींत होतं, शब्द सुचवण्याची सोयही आतच आली. म्हणजे स्वतःची कॉन्फिग लिहिण्याचा खर्च आता बराच उतरलाय. जुने लेख वाचून घाबरू नकोस.

दुसरं असं, की तयार कॉन्फिगमध्ये सवयी दुसऱ्याच्या हातात असतात. लेझीव्हिममध्ये फाइल शोधायला आधी टेलिस्कोप हे प्लगिन होतं, 2024 च्या अखेरीस त्याच्या जागी एफझेडएफ-लुआ आलं, पुढे स्नॅक्स आलं. प्रत्येक बदलामागे विचार होता आणि जुनं हवं असणाऱ्यांसाठी वाटही ठेवली होती. तरी ती वाट शोधायला वेळ तुझाच जाणार. लुनारव्हिम ही दुसरी तयार कॉन्फिग. ते तर एके काळी सगळ्यांच्या तोंडी होतं, पुढे त्याचं काम थंडावलं आणि वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं.

म्हणून आत्तापासूनच शेजारी किकस्टार्ट ही निओव्हिमची शिकाऊ कॉन्फिग उतरवून ठेव. ते लेझीव्हिमसारखं बांधून दिलेलं घर नाही. एकच फाइल आहे, हजाराच्या आसपास ओळींची, आणि त्यात समजावून सांगणाऱ्या टिपा भरपूर. ती वरपासून खालपर्यंत वाचायची, नको ते काढायचं आणि मग ती आपली म्हणायची. दोन्ही एकत्र नांदतात. 0.9 पासून निओव्हिमला 'एनव्हिम अ‍ॅपनेम' हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल कळतो. त्यात फोल्डरचं नाव दिलं की निओव्हिम कॉन्फिग त्या फोल्डरमधून घेतं, प्लगिनंही वेगळी ठेवतं. शेलमध्ये दोन एलियस (कमांडची टोपणनावं) कर, एक प्रकल्पाचा, एक शिकण्याचा. शिकण्याच्या कॉन्फिगमध्ये तुझं रोजचं काम, म्हणजे फाइल शोधणं, व्याख्येवर उडी मारणं, चुका दिसणं, एवढं बिनबोभाट व्हायला लागलं की तिकडे राहायला जा.

अपडेटबद्दल मात्र हट्टाने सांगते. कॉन्फिगचं फोल्डर गिटमध्ये ठेव. त्यात 'लेझी-लॉक' नावाची जेसन फाइल असते, कुठलं प्लगिन नेमक्या कुठल्या कमिटवर आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. अपडेट केलं की ती बदलते. काही बिघडलं तर गिटमधून जुनी लॉक फाइल परत आण आणि 'लेझी रिस्टोअर' चालव, सगळी प्लगिनं जुन्या जागी येतील. मात्र जुना कमिट तुझ्या मशीनवर नसेल तर त्यालाही नेट लागतं, आणि पावसात वाळपईकडे नेटचा भरवसा काय ते तुला मी सांगायला नको. अपडेट कॉलेजमध्ये असतानाच कर, आणि सबमिशनच्या आठवड्यात करूच नकोस.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. मराठी आणि कोकणी टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. भाच्याने निओव्हिम दिलं, त्यात काने-मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. आता तो ईमॅक्स हा दुसरा एडिटर, त्यातही डूम ही त्याची तयार कॉन्फिग, टाकू म्हणतो. टाकू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: सर, ईमॅक्स घ्या, पण डूम नको. निओव्हिम सहसा टर्मिनलमध्ये चालतं, तिथे अक्षरं ठरावीक चौकटींत बसवली जातात, आणि देवनागरीची जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. कॉन्फिग बदलून हे सुटणारं नाही. खिडकीत उघडणारं ईमॅक्स 27 व्या आवृत्तीपासून हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं साधन वापरू शकतं, त्यामुळे अक्षरं जुळून येतात. डूममध्ये व्हिमच्या कळा आधीच बसवलेल्या असतात. तुम्हाला त्यांची सवय नसेल तर पहिल्या ओळीलाच अडाल. साध्या ईमॅक्समध्ये टिपणांसाठी ऑर्ग-मोड ही सोय आहे, देवनागरी लिहायला इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्डची मांडणी) आणि आयट्रान्स (इंग्रजी अक्षरांतून देवनागरी) दोन्ही पद्धती आहेत. एकदा पद्धत निवडलीत की कंट्रोल धरून बॅकस्लॅश दाबायची, देवनागरी चालू, पुन्हा दाबली की बंद. भाच्याला फक्त चांगला देवनागरी फॉन्ट लावून द्यायला सांगा आणि अक्षरं डोळ्यांना पुरतील एवढी मोठी करून घ्या.