विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकताना मोकळी जागा 'अनयुजेबल' का दिसते?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला घरी एक टीबीचा जुना लॅपटॉप आहे, त्यात विंडोज १० आहे आणि त्याच डिस्कवर मिंट आणि डेबियन हे लिनक्सचे दोन्ही प्रकार टाकायचेत. डी ड्राइव्ह श्रिंक करून, म्हणजे आकसून, २०० जीबी जागा काढलीत. विंडोजला ती दिसते, पण मिंटचा इन्स्टॉलर तिच्यापुढे 'अनयुजेबल' लिहितो आणि पुढे जाऊ देत नाही. आतेभाऊ म्हणतो हार्डडिस्क गेली, सगळी फॉरमॅट मार.

हार्डडिस्क गेलेली नाही आणि फॉरमॅट मारायचं काहीही कारण नाही. मी देवगडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून असे लॅपटॉप माझ्याकडे सारखे येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं.

तुम्ही दिलेल्या फोटोत डिस्कवर ओळीने पाच तुकडे दिसतात: ५०० एमबीचं सिस्टम रिझर्व्ह्ड, मग सी, मग डी, मग तुमची मोकळी जागा आणि अगदी शेवटी १५ जीबीचं रिकव्हरी. मोकळी जागा सोडली तर चार, आणि चारही 'प्रायमरी' आहेत. ही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, शेवटचे २ खुणेचे. मधल्या ६४ बाइटांत पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांची, यादी मावते. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणजे नोंदी चारच. आपल्याकडे सातबारावर नोंद नसेल तर जमीन डोळ्यांसमोर असूनही विकता येत नाही, तसंच हे आहे. तुमची २०० जीबी जागा जागच्या जागी आहे, ती नोंदवायला ओळ उरलेली नाही. इन्स्टॉलरचा 'अनयुजेबल' एवढंच सांगतो.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच जागेवर नवीन व्हॉल्यूम बनवायला गेलात तेव्हा 'डायनॅमिक डिस्क करू का' असं विचारलं आणि तुम्ही घाबरून 'नो' दाबलंत. फार बरं केलंत. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सचे इन्स्टॉलर अडून बसतात आणि विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी मागे यायचं तर सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात. यापुढेही तो प्रश्न आला की 'नो'च.

उपाय म्हणजे चारातली एक ओळ मोकळी करून तिथे 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करायचं. हा एकच सर्व्हे नंबर, पण त्याच्या आत हवे तेवढे पोटहिस्से पाडता येतात. त्या पोटहिश्शांना 'लॉजिकल' म्हणतात. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला एसडीए म्हणतात आणि त्यांचे आकडे एसडीए५ पासून सुरू होतात, कारण १ ते ४ त्या चार ओळींसाठी राखीव. लिनक्स लॉजिकलवरून अगदी नीट चालू होतं.

तुमच्या बाबतीत जायचा तो डी. सिस्टम रिझर्व्ह्डला हात लावाल तर विंडोज चालू होणार नाही, आणि रिकव्हरीची ती शेवटची १५ जीबी तुमच्या मोकळ्या जागेला लागून असली तरी एवढ्यासाठी कारखान्यातली प्रत घालवू नये असं माझं मत. डीमधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेल्या दहा-पंधरा फाइल्स खरंच उघडून बघा. मगच डी डिलीट करा. डीची जागा आणि २०० जीबी एकमेकांना लागून आहेत म्हणून हे जमतं, एक्स्टेंडेडला सलग जागाच लागते. आता तीन प्रायमरी उरल्या, तेव्हा डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीन व्हॉल्यूम केलंत की विंडोज आपोआप एक्स्टेंडेड बनवून आत लॉजिकल ठेवतं. हिरवी चौकट दिसली की समजा बरोबर झालं. त्यातच नवीन डी करा आणि मिंट, डेबियनसाठी जागा रिकामी सोडा.

बाहेरची डिस्क नाही म्हणून जीपार्टेड या लिनक्सच्या साधनात पार्टिशनं इकडून तिकडे सरकवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पार्टिशनचा शेवट वाढवणं पटकन होतं, पण सुरुवात सरकवली की आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो, आणि त्याला कित्येक तास जातात. मी एका जुलैत शेजारच्या वाडीतल्या एकाच्या पीसीवर ३०० जीबीचं पार्टिशन असं सरकवत होतो. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेली, यूपीएसने पाच मिनिटं काढली आणि मान टाकली. टेस्टडिस्क या डेटा परत मिळवायच्या साधनाने पार्टिशन टेबल दाखवलं ते अगदी ठीक होतं, पण आतला निम्मा डेटा जुन्या जागी आणि निम्मा नव्या जागी. त्यांच्या शिमग्यातल्या पालखीचे दहा वर्षांचे फोटो त्यात होते. त्यांतल्या काहींमधली माणसं आता नाहीत. थोडेच फोटो परत मिळाले. तेव्हापासून बॅकअप घेतल्याशिवाय मी कुणाचं पार्टिशन हलवत नाही.

एमबीआर सोडून डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करा असंही कुणी सांगेल. जीपीटीत साधारण १२८ नोंदी मावतात, आणि विंडोजमधलं एमबीआरटूजीपीटी डेटा न घालवता बदल करतं. पण त्यालाही तीनच प्रायमरी चालतात, म्हणजे डी काढणं आहेच. वर लॅपटॉप यूईएफआय या चालू होण्याच्या नव्या पद्धतीवर न्यावा लागतो आणि पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने चालू करावा लागतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहून, आणि चुकीचा निवडला की पुढचं सगळं बिघडतं. तुमच्या जागी मी एक्स्टेंडेडच करेन, त्यात विंडोजचं बूट जसंच्या तसं राहतं.

इन्स्टॉल करण्याआधी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं झोपतं आणि लिनक्सला डीवर लिहिता येत नाही. आधी मिंट टाका. बूटलोडर, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सिस्टम निवडू देणारा प्रोग्राम, कुठे टाकू असं विचारलं की अख्खी एसडीए निवडा, एसडीए१ नाही. मग डेबियन टाका आणि त्याने ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) टाकू का विचारल्यावर 'नाही' म्हणा. नंतर मिंटमध्ये येऊन 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. मेनूत डेबियन आलं नाही तर इतर सिस्टम शोधणारा 'ओएस-प्रोबर' बंद आहे असं समजा. ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये तो चालू करून पुन्हा तीच कमांड द्या.

सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर गोंधळू नका. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं, विंडोज तीच वेळ भारतीय समजतं. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड द्या, डेबियनमध्येही तीच द्या, मग विंडोजची वेळ एकदा दुरुस्त करा.