शाळेत मुलाचा घोळणा फुटला तर बाईंनी लगेच काय करावं?
वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे मान मागे टाकणं. त्याने रक्त घशातून पोटात उतरतं, उलटी होते आणि सगळेच घाबरतात. कांदा हुंगवण्यातही वेळ घालवू नका.

मुलाला बाकावर बसवून किंचित पुढे वाकवा. नाकाचं हाड नव्हे, त्याखालचा मऊ भाग चिमटीत धरा. सलग 10 मिनिटं, घड्याळ बघून. मध्येच 'थांबलं का' म्हणून सोडलंत की जमलेली गुठळी निघते, पुन्हा धार. श्वास तोंडाने, तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या.

20 मिनिटांत थांबलं नाही किंवा डोक्याला मार लागलाय, तर 108. नंतर दिवसभर नाक शिंकरायचं नाही. मुंबईच्या ऑक्टोबर हीटचं निमित्त, खरा गुन्हेगार बहुतेकदा नाकातलं बोट: नखं कापा.